मिरजगावचे प्रमुख पाहुणे

मच्छिंद्रच्या ट्रॅकपँटचा गुडघा फाटलेला होता आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

"नगरला शिबिराला निघालात आन् ही पँट?" बायको, आरती, कडाडली. "लोक काय म्हनतील?" तिने लग्नकार्यात घालायचा पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा-पायजमा पुढ्यात टाकला.

मच्छिंद्र मिरजगावच्या पोरींना कित्येक वर्षं फुकट खो-खो शिकवत होता. यंदा त्या पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि नेमका यंदाच नियम निघाला. प्रशिक्षण शिबिराचं प्रमाणपत्र नसेल, तर कोचला मैदानाच्या कडेला उभं राहता येणार नाही! कप्तान संस्कृती खांबाजवळ हमखास गडबडायची. तिला ऐन वेळी बाहेरून सरांचा आवाज लागायचाच. म्हणून हे शिबिर चुकवून भागणार नव्हतं.

एसटी काही आली नाही. गावातल्या कांदा व्यापाऱ्याने आपल्या पांढऱ्या स्कॉर्पिओत घेतलं आणि नगरला सभागृहाच्या दारात सोडलं. तिथे आयोजक वैजनाथराव हार घेऊन ताटकळले होते. "जमलं तर येतो, न्हाईतर मानूस पाठवतो," असा प्रमुख पाहुण्यांचा निरोप होता. आता पांढरे कपडे, त्यात पांढरी स्कॉर्पिओ! आपल्याकडे एवढ्या भांडवलावर माणूस आमदारसुद्धा ठरतो. हार गळ्यात पडला.

"अवो, मी कोच हाय!"

"व्हय व्हय, साहेब. खेळाडूच मानूस तुमी!" म्हणत वैजनाथरावांनी त्याला जवळजवळ ढकलतच व्यासपीठावर नेलं.

शाल आली, नारळ आला. खोटं कशाला बोला, मच्छिंद्रही विरघळला. इतक्या वर्षांत मेलं कुणी साधी सुपारी हातावर ठेवली नव्हती. घटकाभर बसू, मग हळूच उतरू, असं त्याने ठरवलं आणि तिथेच फसला. भाषणं संपून सगळे कोच मैदानावर निघाले तसा तोही उठला, पण वैजनाथरावांनी दंड धरला.

"उन्हात कुठं, साहेब? जेवन तयार हाय."

बाहेर प्रशिक्षणाच्या शिट्ट्या वाजत राहिल्या आणि हा आत आग्रहाची बासुंदी गिळत राहिला.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटायचं कामही पाहुण्यांकडेच आलं. दिवसभर झाडाखाली घोरलेल्यांनाही त्याने स्वतःच्या हाताने ती दिली. मग नाव पुकारलं, "मच्छिंद्र पुंजाराम, मिरजगाव!"

"मीच त्यो!" मच्छिंद्र ओरडला.

सभागृह पोट धरून हसलं. "पाहुने लई विनोदी हायेत," वैजनाथराव माइकवर म्हणाले आणि मिरजगावला गैरहजर ठरवून पुढच्या नावाकडे वळले.

कार्यक्रम आटोपल्यावर मच्छिंद्रने आधार कार्डच नाकासमोर धरलं. वैजनाथरावांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला.

"आता मी काय करू? ट्रेनिंग तर तुमी केलं न्हाई."

"तुमीच करू दिलं न्हाई!"

"हळू बोला. फोटो पेपरला गेलाय. भलत्याच मानसाला शाल घातली म्हनल्यावर माझी काय शोभा ऱ्हाईल? तुमी आपले पाहुनेच ऱ्हावा."

राहात्याला अंतिम सामना. प्रमाणपत्र नाही म्हणून फाटकावरच मच्छिंद्रला अडवलं. आतून पोरी हाका मारत होत्या, "सर, या की लवकर!" तो हुज्जत घालतोय तोच वैजनाथराव धावत आले; इथलेही आयोजक तेच. फोटो बघितलेली मंडळी आजूबाजूला होती. खोटं निभावणं भाग होतं.

"अरे, साहेबांना अडवता?"

पुन्हा शाल, पुन्हा खुर्ची. निदान तिथून खेळ तरी दिसेल म्हणून मच्छिंद्र व्यासपीठावर चढला.

सामना रंगला. संस्कृती खांबापाशी तीच जुनी चूक करायला लागली, तसा मच्छिंद्र ताडकन उठला. "वळ, पोरी! खांबाला थांबू नको!" लाऊडस्पीकरच्या कर्ण्यापुढे त्याचं कोण ऐकतंय! वैजनाथरावांनी शाल धरून त्याला खाली बसवलं.

"साहेब, पाहुन्यानं बाजू घ्यायची नसती."

मिरजगाव एका गुणाने हरलं. जिंकणाऱ्यांना ढाल कुणी दिली? मच्छिंद्रनेच. त्याचा जीव नुसता तळमळत होता.

मग उपविजेत्यांची पाळी आली. धुळीने माखलेली संस्कृती वर आली, डोळे लाल. तो पदक घेऊन वाकला आणि पुटपुटला, "पोरी, मी वरून वरडत हुतो गं."

तिने त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे बघितलं. पदक गळ्यात घालू न देता हातातच घेतलं, आणि फोटोवाल्याकडे तोंड करून म्हणाली, "थँक्यू, साहेब."