हट्टाचा ताबा

धोंडो गणेश करडे या तांबटाने १९२६ साली मृत्युपत्र करून आपला हट्ट थोरल्या मुलाच्या वंशाला दिला होता. तो मधल्या मुलीच्या वंशात, तिची नात कुंदा निसाळ यांच्याकडे वापरात असल्याचं आढळलं, म्हणून तालुक्याच्या अभिलेख कार्यालयाने त्यांना तो पंधरा दिवसांत जमा करण्याची नोटीस काढली.

नोटीस रीतसर होती. मालमत्तेचं वर्णन: हट्ट, नग एक. अवस्था: वापरलेला, पण चांगला. खाली अभिलेखपाल शेवाळे यांची सही आणि गोल शिक्का.

कुंदाताईंनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, कारण ते मृत्युपत्र शोधून काढलं होतं त्यांनीच. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात. यांनी पणजीचं नाव शोधायला घेतलं. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धोंडोबांची बायको, एवढंच सगळे म्हणत. तीन वर्षं दर मंगळवारी कुंदाताई कार्यालयात जात, कारकून "सापडत नाही" म्हणे, आणि कुंदाताई "मग परत बघा" म्हणून बाकावर बसत. शेवटी मृत्युपत्र सापडलं. त्यात ऐरण कुणाला, हातोडे कुणाला, हट्ट कुणाला, सगळं नावानिशी होतं. पणजीविषयी एकच ओळ होती: "माझे बायकोस राहते घरी दोन वेळ जेवण घालावे." नाव नाही. कुंदाताईंना असा संताप आला की त्यांनी ती ओळ तिथेच मोठ्याने दोनदा वाचली.

पण जुनं मृत्युपत्र सापडलं की त्यातली प्रत्येक वस्तू योग्य माणसाकडे पोचली की नाही हे तपासायचं, असा नियम आहे. ऐरण पोचली होती. हातोडे पोचले होते. हट्टापाशी येऊन शेवाळ्यांनी चष्मा काढला आणि बाकावर बसलेल्या कुंदाताईंकडे पाहिलं.

जमा करण्याची पद्धत सोपी होती. अधिकाऱ्यासमोर "बरं", "चालेल" आणि "तुम्ही म्हणाल तसं" असं तीनदा म्हणायचं, मग हट्ट लाल फडक्यात बांधून लाखेचं सील करायचं. कपाटात अशी बरीच गाठोडी होती. खालच्या कप्प्यात कुणाचा तरी राग होता, म्हणून तिथे कागद ठेवत नसत.

"दुखत नाही मॅडम," शेवाळे म्हणाले. "परवाच एका गुरुजींनी बडबड जमा केली. आता घरचे लोक किती समाधानात आहेत बघा की."

"गुरुजींना विचारलंत?"

"ते काही बोललेच नाहीत."

पुढे काय वाढून ठेवलंय ते कुंदाताईंना दिसत होतं. हट्ट गेला की पुढल्या मंगळवारी आपण मुकाट घरी बसणार, आणि पणजी कायमची बिननावाची राहणार.

"मी देणार नाही," त्या म्हणाल्या.

शेवाळ्यांनी लिहून घेतलं: ताबा सिद्ध.

सुनावणीला थोरल्या शाखेचा वारस आला. उल्हास करडे, वय छप्पन्न, सोसायटीचा नऊ वर्षं सचिव. कुणीतरी व्हायलाच हवं असं लोक म्हणत आणि हा बरं म्हणे. त्याने वाकून कुंदाताईंना नमस्कार केला.

"ताई, खरं सांगू का, मला तो हट्ट नकोय. पण साहेब म्हणाले अर्ज करा. मग केला."

"मग मागे घे अर्ज."

"बरं," उल्हास म्हणाला.

"मागे घेता येत नाही," शेवाळे म्हणाले.

"बरं," उल्हास म्हणाला.

कुंदाताईंना त्याची दया आली. पण दया आली म्हणून कुणी घरदार लिहून देत नाही. त्यांनी शेवाळ्यांना विचारलं, "साहेब, माणसाला मृत्युपत्राने काय देता येतं?"

"स्वतःचं असेल ते. दुसऱ्याचं देता येत नाही. कायदाच आहे तसा."

"मग हट्ट धोंडोबांचा होता, याला पुरावा काय?"

शेवाळ्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. प्रश्न वैध होता. मृत्युपत्राचा दावा कोर्टात चालला असणार, त्याचा रोजनामा, म्हणजे तारीखवार नोंदी, कुठेतरी असणार. कारकून आत जाऊन आला आणि सापडत नाही म्हणाला.

"मग परत बघा," कुंदाताई म्हणाल्या. नोटिशीप्रमाणे हट्ट पंधरा दिवस त्यांच्याकडेच होता आणि तोवर वापरायला मनाई नव्हती. त्या रोज आल्या. रोजनामा तेराव्या दिवशी सापडला, वरच्या फळीवर, कुणाच्या तरी लाजाळूपणाच्या मागे.

शेवाळ्यांनी तो उभं राहून मोठ्याने वाचला.

"साक्षीदार शेजारी. मयत अत्यंत भिडस्त होता. उभ्या जन्मात कुणास नाही म्हणाला नाही. मृत्युपत्र थोरल्या मुलाने सांगितले तसे लिहिले. हट्टाचे विचारता सांगतो की, हट्ट घरात होता खरा, परंतु तो मयताचा नव्हे."

घरात होता म्हणजे आपलाच, असं धोंडोबांना वाटलं असावं. बऱ्याच नवऱ्यांना वाटतं. पुढे सात तारखांच्या नोंदी होत्या.

"हरकतदार विधवा हजर. नाव विचारता मयताची बायको असे लिहिण्याचे ठरले. विधवेचा नकार. स्वतःचे नाव लिहिल्याविना उठणार नाही म्हणते. नमुन्यात बाईच्या नावास रकाना नाही. तारीख पुढे." दुसरी तारीख तशीच. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. सातव्या तारखेला कंटाळलेल्या कुणीतरी समासात आडवं लिहिलं होतं: "म्हाळसा. बाई उठली. हरकत नामंजूर."

कुंदाताईंना ऐकतानाच रडू आलं. बाई हरली होती. ऐरण गेली, हातोडे गेले, उरलेलं आयुष्य दुसऱ्यांनी वाढलेल्या ताटावर ती जेवली. पण नाव लिहून घेतल्याशिवाय उठली नव्हती.

"म्हाळसा," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक आला.

मंगळवारी उल्हासला बोलावून शेवाळ्यांनी निकाल दिला. हट्ट म्हाळसा करडे यांचा, सबब मृत्युपत्रातलं ते कलम रद्द. म्हाळसाबाई मृत्युपत्र न करता वारल्या, सबब सर्व हयात वंशजांना समान हिस्सा. वंशज एकेचाळीस. एकेचाळिसावा भाग कुंदाताईंनी ठेवावा, बाकीचा पोचता करावा.

"करते की," कुंदाताई म्हणाल्या. "पण आधी सूचीत तिचं नाव घाला. तुमच्या सूचीत धोंडो आहे, थोरला आहे, ऐरणसुद्धा आहे. म्हाळसा नाही."

"सूचीत बायकोला रकाना नाही, मॅडम."

कुंदाताई खाली फरशीवर बसल्या.

"आता उठा, मॅडम. करडे, तुम्ही तरी समजवा त्यांना."

उल्हासने कुंदाताईंकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला. "नाही," तो म्हणाला आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसला.

कारकुनाने यादीत त्याच्या नावापुढे खूण केली: हिस्सा पोचला.

बुधवारी उल्हासच्या दोन बहिणी आल्या. गुरुवारी मिरजेची मंडळी डबे घेऊन आली. ज्याचा हिस्सा पोचे त्याच्यापुढे खूण होई, आणि तो फरशीवर जागा बघे. कुणाला कमी पडला अशी एकही तक्रार नोंदली गेली नाही. शुक्रवारी दुपारी कारकुनाने यादी शेवाळ्यांपुढे ठेवली. एकेचाळीस खुणा झाल्या होत्या आणि कपाटापर्यंत जायला वाट उरली नव्हती.

शेवाळ्यांनी सूची उघडली, पट्टी मागवली, आणि १९२६ च्या पानावर नव्या रकान्याची उभी रेघ ओढायला घेतली.

"सरळ ओढा," कुंदाताई खालूनच म्हणाल्या. "आणि पार खालपर्यंत न्या. अजून बऱ्याच जणी आहेत."