फिलिस्कोसच्या सोज्वळ माश्या

"मधमाश्यांच्या देवाला, अरिस्टायोसला, पहिला मध आमच्याच घरचा चढतो, यंदाही चढणार!" फिलिस्कोसने चारचौघांत छाती ठोकून सांगितलं. ठोकताना एक बारीकशी गोष्ट तो विसरला. हिवाळ्यात त्याच्या सगळ्या मधमाश्या मेल्या होत्या!

केऑस बेटावरची रीत कडक होती. जत्रेआधी पुजारीणबाई येऊन मधमाश्या पाळायच्या मडक्यांना कान लावणार. ज्याच्या मडक्यात माश्या गुणगुणतील, त्याचा मान. नाहीतर मान शेजारच्या देमोफोनचा, आणि देमोफोन आत्तापासूनच दाढीला तेल लावत होता.

"घाबरू नकोस," फिलिस्कोस बायकोला म्हणाला. "खुद्द अरिस्टायोसच्या माश्या मेल्या, तेव्हा त्याने काय केलं? बैल कापला! मेलेल्या बैलातून नव्या माश्या निघाल्या."

"अहो, मेलेल्या बैलावर माश्या येतात," मिर्तो म्हणाली, "हे सांगायला देव कशाला हवा?"

पण ऐकेल तो फिलिस्कोस कसला! म्हातारा बैल कापला, खोपटात ठेवला, वर रानओव्याच्या जुड्या टाकल्या आणि दारं-खिडक्या लिंपून टाकल्या. आठव्या दिवशी असा वास सुटला की बकऱ्यांनीसुद्धा वाट बदलली.

"फिलिस्कोसभाऊ," देमोफोन नाक धरून कुंपणापलीकडून ओरडला, "देव प्रसन्न झाला की पळून गेला?"

एकविसाव्या दिवशी खोपटं उघडलं. आणि काय आश्चर्य! गुंऽऽऽ! पिवळ्या पट्ट्यांच्या गुबगुबीत माश्या! फिलिस्कोसच्या डोळ्यांत पाणी आलं (थोडं भक्तीचं, बरंचसं वासाचं). चादरीत धरधरून त्याने त्या मडक्यांत कोंडल्या. एकही चावली नाही.

"बघितलंस? किती सोज्वळ! घराचं वळण लागतं!"

"वळण तुमचं दिसतंय खरं," मिर्तो म्हणाली. "कामाचं नाव नाही, नुसती गुणगुण."

पुजारीण क्लेओबूलेबाई आल्या. मडक्याला कान लावला. मान डोलावली. देमोफोनचा चेहरा पडला. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही! फिलिस्कोसला चेव चढला.

"बाई, नुसतं ऐकता काय, बघा!" म्हणत त्याने झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. "एक डंख नाही!"

माश्या भुर्रकन बाहेर पडल्या. समोर अख्खा डोंगर फुलांनी फुललेला. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता सगळ्या गेल्या थेट बकऱ्यांच्या उकिरड्यावर.

सगळ्यांच्या माना उकिरड्याकडे वळल्या.

"नव्या आहेत," फिलिस्कोस पुटपुटला. "वाट चुकल्या."

"नाही हो," देमोफोन म्हणाला, "अचूक पोचल्या!"

मधाचा घडा देमोफोनच्या खांद्यावर गेला. क्लेओबूलेबाई मात्र दयाळू. इतक्या पिढ्यांचं घराणं रिकाम्या हाताने कसं उभं करायचं? त्यांनी फिलिस्कोसच्या हातात एक डहाळी दिली. "नैवेद्याच्या मांसावरच्या माश्या हाकल. तुला त्यांची सवय आहे."

जत्राभर तो इमानाने हाकत होता. हे तो आता स्वतःच सांगतो, आणि सांगताना डोकं खाजवतो. "चुकार माश्यांवर डहाळी सपासप चालली हो. पण त्यातल्या दोन-चार घरच्याच निघाल्या. मग हात उचलेना!"