बत्तीस नंबरची ओळ

दिघेकाका पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी आमच्या घरातून बाहेर पडायचे रस्ते मोजले.

"दोन," ते म्हणाले. "त्यातला एक तुमच्या फ्रिजने अडवलाय. टीचर, उद्या आग लागली तर आईंना काय फ्रिजमधून नेणार?"

मला रागच आला. नवीन शेजारी, पहिलीच भेट, आणि हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात आग लावतोय! पण आई खुर्चीतून हसायला लागली. संधिवाताने ती चार वर्षं त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत अडकलेली होती आणि तिला कुठून कसं न्यायचं याचा इतका गंभीर विचार आजवर कोणी केला नव्हता. मी तिची एकुलती एक अविवाहित मुलगी असूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप फ्रिज सरकवला.

काका सरकारी कचेरीत नोकरीला होते. शहरावर कुठलं संकट येऊ शकतं, ते आलं तर कोणत्या वस्तीत काय होईल आणि कोणाला आधी हलवायचं, याचे कागद तयार करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर साहेबांनी नारळ आणि घड्याळ देऊन शहर त्यांच्याकडून काढून घेतलं. मग उरलो आम्ही. बडोद्यात सयाजीगंजच्या मागे, नदीकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावरची बारा घरांची सोसायटी. पावसाळ्यात नदी दरवर्षी आमच्या मागच्या भिंतीपर्यंत येऊन बघून जायची, त्यामुळे काकांना आम्ही अगदी हवे तसे मिळालो.

त्यांचा एक मंत्र होता. "घाबरायचं नाही, गुणायचं." संकट यायची शक्यता किती, पाचपैकी आकडा सांगा. आलं तर नुकसान किती, पाचपैकी सांगा. करा गुणाकार. ज्याचा आकडा मोठा, त्याची तयारी आधी.

एकदा नदीतली मगर बाहेर येऊन पलीकडच्या मैदानात ऊन खात पडली. बडोद्यात ही काही फार मोठी बातमी नव्हे, पण वरच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेननी घर डोक्यावर घेतलं. काका शांतपणे म्हणाले, "मगर. शक्यता दोन, नुकसान पाच. दहा. आणि तुमच्या फाटकासमोरचं उघडं गटार? शक्यता पाच, नुकसान तीन. पंधरा! ज्योत्स्नाबेन, मगरीपेक्षा गटाराला घाबरा." आणि त्याच दुपारी त्यांनी गटाराशेजारी एक उंच बांबू रोवला, त्याला लाल फडकं बांधलं.

ज्योत्स्नाबेनच्या मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांनी हातात वही घेऊन मांडवाला फेरी मारली. उकळतं तेल, बारा. लोंबणारी वायर, सोळा. नवऱ्या मुलाचे मामा, वीस. "त्यांना पहिल्या पंगतीला बसवा," ते रमेशभाईंच्या, म्हणजे ज्योत्स्नाबेनच्या यजमानांच्या कानात म्हणाले. रमेशभाई हसले. जेवणाला उशीर झाला म्हणून मामांनी जो तमाशा केला, त्यानंतर मात्र रमेशभाई कोणाला घरी जेवायला बोलवायचं झालं तरी आधी काकांना विचारायचे.

पण त्यांचं खरं कौतुक म्हणजे ती यादी. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी काका बाराही घरांत फिरायचे. बसायचे नाहीत. चहा उभ्यानेच, दाराकडे तोंड करून. मोठ्या कागदावर चार रकाने आखलेले: क्रमांक, नाव, अडचण आणि 'कोण आणणार'. पाणी चढलं तर कोणाला कोण घेऊन वर जाईल, ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं. अडचणीच्या रकान्यात आमची सगळ्यांची लाज निघायची. आई: चालता येत नाही. रमेशभाई: टीव्ही सोडत नाहीत. ज्योत्स्नाबेन: भांडी घेतल्याशिवाय निघणार नाहीत. माझ्यापुढे: पुस्तकं आवरत बसतील. मी भांडले. "खोडाखोड चालत नाही," म्हणाले आणि माझीच सही घेऊन गेले.

त्यानंतरच्या रविवारी रंगीत तालीम. काका अंगणात उभं राहून शिट्टी वाजवायचे की सगळ्यांनी ज्योत्स्नाबेनच्या अगाशीवर जमायचं. गच्चीला आम्ही बडोदेकर अगाशीच म्हणतो. रमेशभाई आणि मी आईला खुर्चीसकट उचलायचो. तिला त्या तालमीची इतकी हौस, की ती ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून सकाळपासून तयार. वर ज्योत्स्नाबेनचा सेवउसळीचा टोप मांडलेला. मी टीचर, म्हणून हातात यादी घेऊन हजेरी माझ्याकडे. काका खालून ओरडायचे, "अहो, ही काय उजाणी आहे, सहल? खऱ्या पुरात सेवउसळ नसते!"

"खऱ्या पुरातही करेन, दिघेसाहेब!" ज्योत्स्नाबेन वरून सांगायच्या.

मालतीकाकू तेव्हा होत्या. काकांच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, सतत हसणाऱ्या. तालीम संपली की त्या खाली जाऊन काकांना बखोटीला धरून वर आणायच्या आणि त्यांच्या हातात वाटी द्यायच्या. काय दिवस होते ते! आता आठवलं की वाटतं, आमच्या सोसायटीचा खरा सण दिवाळी नव्हताच. ती तालीमच होती.

मग काकू गेल्या. अचानक, फाल्गुनात. काकांनी त्या वर्षीही यादी केली, तालीमही घेतली. फक्त ते वर यायचे बंद झाले. "मी ड्यूटीवर आहे," म्हणायचे. आम्हीही फार आग्रह केला नाही. तीन तालमी अशाच झाल्या. त्यांनी खालीच असायचं, अशी आमच्या डोळ्यांना सवय झाली.

आणि एका श्रावणात, भर सकाळी, नदी नुसती बघायला न येता आत आली.

शिट्टी झाली. आणि सांगायला अभिमान वाटतो, एकाचाही गोंधळ झाला नाही. रमेशभाईंनी टीव्ही सोडला. मी पुस्तकांकडे वळूनही पाहिलं नाही. आईला उचललं तेव्हा ती म्हणाली, "अगं, गजरा नाही माळला." काकांनी गुडघाभर पाण्यातून फिरून बाराही घरांचे गॅस आणि मेन स्विच बंद केले. मी अगाशीवर हजेरी घेतली. एकतीस नावं, एकतीस माणसं. खाली वाकून ओरडले, "काका, एकतीसच्या एकतीस!" उत्तर आलं नाही. पावसात ऐकू गेलं नसेल, म्हणून मी यादी पदराखाली धरली आणि पत्र्याखाली जाऊन उभी राहिले. पंचवीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेली बाई मी! यादी पुरी झाली म्हणजे सगळे आले, असं धरून चालले.

ज्योत्स्नाबेननी शब्द पाळला होता. सेवउसळ वर आणली होती, भांड्यांसकट. वाट्या वाटून झाल्या आणि त्यांच्या हातात एक वाटी उरली. त्या माझ्यासारखं कागद बघून मोजत नव्हत्या, माणसं बघून मोजत होत्या.

"आ वाटकी कोनी?" त्या म्हणाल्या. ही कोणाची?

आई खुर्चीतून म्हणाली, "दिघे कुठायत?"

रमेशभाई आणि मी खाली धावलो. पाणी कमरेच्या वर आलेलं. मागून ज्योत्स्नाबेन ओरडतायत, "मगर हशे!" मगर असेल. मी दात आवळून पुटपुटत होते, शक्यता दोन, नुकसान पाच, दहा, दहा, दहा. लाल फडक्याचा बांबू पाण्याबाहेर दिसत होता म्हणून गटार चुकवलं, नाहीतर दोघेही गेलोच होतो.

काका स्वतःच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसले होते. पाणी टेबलाला लागलेलं. दोन्ही गुडघे सुजून घट्ट झालेले, पाय हलत नव्हता. मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी आणि गळ्यात शिट्टी.

"शिट्टी का नाही वाजवलीत?" मी अक्षरशः किंचाळले.

"शिट्टी म्हणजे सगळ्यांनी वर जायचं," ते म्हणाले. "सगळे वर गेल्यावर परत वाजवली तर लोक गोंधळतात."

रमेशभाईंनी वर जाऊन आईची खुर्ची रिकामी करून आणली आणि आम्ही काकांना तिच्यात घालून वर नेलं. वाटेत ते मला पाणी किती इंचांनी चढतंय ते सांगत होते. मी त्यांना गप्प बसा म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा.

पिशवी ते सोडेनात. दुपारी पाऊस थांबला तेव्हा मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि आतले ओले कागद वाळायला दोरीवर लावले. जुन्या वर्षांच्या याद्या होत्या. अलीकडच्या दोन सोडल्या तर प्रत्येकीत काकांचं टपोरं अक्षर आणि शेवटच्या नंबरला दुसरंच बारीक, तिरकं अक्षर. काकूंचं.

नाव: हे. अडचण: ऐकत नाहीत. कोण आणणार: मी.

दर वर्षी तेच. हे, ऐकत नाहीत, मी.

मी पदराखालची यादी काढली. एकतिसानंतर काकांनी बत्तीस आकडा घातला होता. पुढे तिन्ही रकाने रिकामे. आधीच्या दोन याद्यांतही तसंच. आणि त्या रिकाम्या ओळीच्या खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तीन वर्षं हा माणूस तो कागद घेऊन बारा घरांत फिरला आणि एकानेही विचारलं नाही, की काका, ही ओळ कोणाची?

"काका, सांगायचं नाही का?"

"नोंद करणाऱ्याने स्वतःची नोंद करायची नसते," ते उसळीच्या वाटीत बघत म्हणाले. "ती दुसऱ्याच्या हातची लागते. दुसऱ्याला वाटलं पाहिजे."

मी पेन मागितलं. कागद ओला होता, शाई फुटली. तरी लिहिलं. नाव: दिघेकाका. अडचण: ऐकत नाहीत. कोण आणणार: मी. काकांनी बराच वेळ पाहिलं. "अक्षर सुधारा, टीचर," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

आता ती सोसायटी नाही. पाडून टॉवर होतोय. आई तीन वर्षांपूर्वी गेली. ज्योत्स्नाबेन आणि रमेशभाई मुलीकडे गेले. काकांना त्यांचा भाचा डभोईला घेऊन गेला. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, ते मला नावाच्या पाटीवरून माहीत आहे.

यंदा मेच्या शेवटी फोन वाजला.

"टीचर, नवीन बिल्डिंगमध्ये तुमची नोंद कोणाच्या हातची आहे?"

"काका, सातव्या मजल्यावर पूर येत नाही."

"लिफ्ट बंद पडते की नाही? गुडघे दुखतात की नाही? ताप येतो की नाही? शक्यता पाच. एकट्या आहात. नुकसानही पाच. गुणा."

मी गुणलं नाही.

रविवारी सकाळी दार उघडलं तर काका. ऐंशीला टेकलेले, काठी टेकत, डभोईच्या बसने आलेले. आत येऊन बाहेर पडायचे रस्ते मोजले. "एकच," म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं काही हा फ्लॅट मी बांधलाय. मग खिशातून चार रकाने आखलेला कागद काढला, टपोऱ्या अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

नाव: टीचर. अडचण: ऐकत नाहीत. कोण आणणार: मी.

"काका, डभोईहून?"

"दर अर्ध्या तासाला बस आहे," ते म्हणाले. मी सही केली. मग त्यांनी खुर्ची ओढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दाराकडे पाठ करून चहाला बसले.