सबनीसकाकांचे साडेसहा

शरदच्या तेराव्याला सबनीसकाकांनी गुरुजींना दहापैकी साडेपाच मार्क दिले. "उच्चार स्वच्छ, पण घाई फार. पुढे आयसेलिनला कुणाची तरी वास्तुशांत असणार," असं ते माझ्या कानाशी म्हणाले, आणि नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले.

काका वेस्ट विंडसरमध्ये आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. वय ऐंशी. तरुणपणी पुण्याहून इकडे अमेरिकेत आले आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी खात्यात पुलांची कामं पाहिली. सुमनकाकूंना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दूर फ्रिस्कोला असतो.

काका प्रत्येक गोष्टीला मार्क देतात. मराठी मंडळाच्या नाटकाला साडेचार, तेही "पडदा वेळेवर पडला म्हणून." माझ्या पोह्यांना सहा मिळाले तेव्हा मी जरा फुगून बसले.

"अहो, सहा म्हणजे फर्स्ट क्लास! आमच्या कॉलेजात साठ टक्के पडले की पेढे वाटायचे."

"मग उरलेले चार कुठे गेले?"

"वाव ठेवलाय."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला त्यांनी सर्व्हेमध्ये सहा दिले. त्या बिचाऱ्याचा फोन आला, "सर, व्हॉट वेंट राँग?" काका फोनवर ओरडले, "नथिंग! यू आर व्हेरी गुड!" त्याला काही ते पटलं नसावं.

शरद गेल्यावर मी दिवस दिवस पुस्तक धरून बसायचे. तिथून काकांनी मला उठवलं आणि आमच्या काउंटीच्या कम्युनिटी फाउंडेशनच्या समितीवर नेलं. इथले लोक मिळून निधी जमवतात आणि तो कुठल्या स्थानिक संस्थांना द्यायचा, हे इथलीच माणसं ठरवतात. यंदाचा निधी कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या वस्तीत चालवलेल्या संस्थांसाठी होता, कारण आजवर त्यांच्यापर्यंत तो फारसा पोचलाच नव्हता.

"मला यातलं काय कळतं, काका?"

"तुम्ही वाचता. तिथे अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचणारं माणूस हवंय."

आम्ही दोघं नवीन, म्हणून एकेकच अर्ज वाट्याला आला. काकांकडे आला तो ट्रेंटनच्या डेलोरिसबाईंचा. त्यांच्या संस्थेतल्या बायका बाळंतपणाच्या वेळी बाईबरोबर हॉस्पिटलात जातात आणि शेवटपर्यंत तिच्या उशाशी थांबतात. कृष्णवर्णीय बाईने दुखतंय म्हटलं, तर पुष्कळदा ते कुणी मनावर घेत नाही. म्हणून तिच्या बाजूने बोलणारं कुणीतरी खोलीत हवं, इतकी साधी गोष्ट.

काका म्हणाले, कागदावरून पूल पास करत नसतात, जाऊन बघायचं. मी गाडी चालवली. अर्ध्या तासाचं काम, पण काका तिथे अडीच तास बसले. घर जवळ आल्यावर म्हणाले, "साडेसहा."

सव्वासहाच्या वर ते कधी गेल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षा लिंडा यांनी अंतिम यादी वाचली. प्रत्येक अर्ज तिघांनी तपासलेला आणि सरासरी साडेआठ हवी. यादीत डेलोरिसबाईंचं नाव नव्हतं.

"वन मिनिट," काका म्हणाले. "डेलोरिस राहिली."

"मोहन," लिंडा काकांना म्हणाल्या, "तुमच्याच मार्कांमुळे राहिली. बाकी दोघांनी नऊ-नऊ दिलेत."

"नऊ?" काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "नऊ कोण देतं हो?" मग इंग्रजीत, "बट आय गेव्ह हर द हायेस्ट ऑफ माय लाइफ!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. मार्क बदलून द्या म्हणाले. लिंडा मवाळपणे म्हणाल्या, की एकदा दिलेले मार्क बदलता येत नाहीत, नाहीतर यादी पाहून जो तो बदलायला येईल. काकांनी मान डोलावली. नियमाबाहेरचं काही त्यांना मागताच येत नाही. त्यांनी चष्मा लावला, नियमांची पुस्तिका उघडली आणि सावकाश पानं उलटली.

"इथे लिहिलंय, ज्याचा वैयक्तिक संबंध असेल त्याचे मार्क धरायचे नाहीत. माझा संबंध आहे. माझे खोडा."

"त्या संस्थेत तुमचं कुणी आहे?"

"नाही."

"मग संबंध कसला?"

काकांनी चष्मा काढला. पुढचं ते इंग्रजीत बोलले, मी मराठीत लिहिते आहे.

"आम्ही नवीन आलो होतो. बायको बाळंतपणाला हॉस्पिटलात होती. काहीतरी बिघडलंय, असं ती दिवसभर सांगत होती. डॉक्टर मला म्हणाले, तिला इंग्रजी येत नाही, म्हणून ती घाबरलीय. मी त्यांचं ऐकलं." त्यांनी पुस्तिका मिटली. "मुलगी झाली. दीड दिवस होती."

सुमनकाकूंच्या स्वयंपाकघरात मी वीस वर्षं चहा प्यायले होते. मला हे ठाऊक नव्हतं.

"डेलोरिसकडच्या बायकांना तर इंग्रजी येतं," काका म्हणाले. "तरी कुणी ऐकत नाही."

लिंडांनी पेन घेतलं आणि काकांचे मार्क खोडले. नियमाप्रमाणे डेलोरिसबाईंच्या अर्जावर मतदान होईपर्यंत त्यांना खोलीबाहेर जावं लागलं. सगळे हात वर झाले. मी बाहेर जाऊन सांगितलं, तेव्हा ते कॉरिडॉरमधल्या खुर्चीत टोपी हातात घेऊन बसले होते. "बरं झालं," म्हणाले, आणि टोपी घालून पार्किंगकडे चालू लागले.

काही दिवसांनी ते डेलोरिसबाईंना विचारायला गेले, की मी काही कामाचा आहे का. काय येतं, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, बसता येतं.

आता गुरुवारी दुपारी मी त्यांना हॉस्पिटलात सोडते. डेलोरिसबाईंच्या बायका आत जातात आणि काका बाहेर बसतात. परवा मीही थांबले. शेजारी एक तरुण बायकोचा कोट मधल्या खुर्चीवर ठेवून बसला होता. त्याचा गुडघा सारखा हलत होता. बऱ्याच वेळाने त्याने काकांना विचारलं, "हू हॅव यू गॉट इन देअर?"

काकांनी जरा विचार केला.

"नोबडी," ते म्हणाले. "आय ॲम विथ यू."

त्याने मधल्या खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला, आणि काका त्या खुर्चीवर सरकले.