रुपरावभाऊंनी कप धुतले

गार्गीताईंच्या घरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या महिला मंडळाने ठरवले होते, महापालिका निवडणुकीच्या उमेदवारांना घरी बोलवायचे, प्रश्न विचारायचे आणि मगच पाठिंबा द्यायचा. कल्पना गार्गीताईंचीच. त्या कॉलेजात शिकवत, स्त्रीवादावर हौसेने व्याख्याने देत. वॉर्डाच्या खुल्या जागेवर त्यांची जुनी मैत्रीण शामला उभी होती, तेव्हा पाठिंबा कोणाला हे त्यांच्या मनात पक्के होते. फक्त मैत्रिणीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी त्यांनी शामलाला कडक प्रश्न विचारायचे ठरवले.

शामला वेळेवर आली. नळ, गटारी, रेशनकार्ड यांसाठी ती वर्षानुवर्षे महापालिकेच्या झोन कार्यालयात खेटे घालत होती.

“महापालिकेचं बजेट वाचलंस का?” गार्गीताईंनी विचारले.

“वाचून राहिली. अर्धं समजलं, अर्धं विचारून घेईन.”

बायकांत कुजबुज झाली. शेजारच्या चारुलताकाकू पुढे सरकल्या. “निवडून आली तर घर कोण पाहीन वं? सासू अंथरुणावर आहे ना तुही?”

“आतापर्यंत पाहत होती तीच, काकू. मीच.”

“मग वॉर्डासाठी वेळ कुठून आणशीन?”

‘हा प्रश्न नको’ असे गार्गीताईंच्या ओठांवर आले होते. पण निःपक्षपातीपणा आड आला.

दुसरे उमेदवार रुपरावभाऊ उशिरा आले. चहा झाला, कोणी काही विचारणार तोच ते उठले, “ताई, तुम्ही बसा,” म्हणत सगळे कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात जाऊन धुवायला लागले.

“अरे बाप्पा!” चारुलताकाकू उद्गारल्या. “आमच्या घरच्याले तर भांडे कुठं घासतात, हेच मालूम नाही!”

गार्गीताईसुद्धा हेलावल्या. त्यांनी मोबाइलवर चित्रण केले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले, ‘असा पुरुष घरोघरी हवा.’

त्यांच्या मनात घरोघरचे नवरे होते, उमेदवार नव्हे. पण संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओला गाणे लागले, खाली निवडणूक चिन्ह आले, आणि दुसऱ्या दिवशी प्रचाराचा ऑटो गल्लीत ओरडत फिरू लागला, “गार्गी मॅडम म्हणतात, असा पुरुष घरोघरी हवा!”

गार्गीताईंनी रुपरावभाऊंना फोन लावला. “मी तुम्हाला पाठिंबा दिलेला नाही!”

“आम्ही कुठं म्हटलं, दिला म्हणून? तुमचंच वाक्य आहे जी, एक शब्द नाही बदलवला.”

मग गार्गीताईंनी ग्रुपवर लांबलचक खुलासा लिहिला. तो न वाचताच बायकांनी टाळ्यांची चित्रे पाठवली. तोवर रुपरावभाऊ गल्लोगल्ली कप धूत सुटले होते. एका घरी तर त्यांच्यासाठी करपलेला कुकर राखून ठेवला होता. तोही त्यांनी घासला. फोटो निघाले.

रुपरावभाऊ निवडून आले. शामला थोडक्यात पडली.

निकालानंतर गार्गीताईंना एकच गोष्ट खात राहिली. सगळे प्रश्न त्यांनी शामलाला विचारले होते, रुपरावभाऊंना एकही नाही. बरेच दिवस शामलाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. शेवटी गेल्या, तर शामलाच्या अंगणात बायका जमलेल्या, आणि सगळ्यांत पुढे चारुलताकाकू.

“नळाले गढूळ पाणी येऊन राहिलं,” काकू म्हणाल्या.

“मग नगरसेवकांकडे जा ना!” गार्गीताई म्हणाल्या.

“गेलतो जी. भाऊ म्हणाले, यातलं शामलाताईले जास्त समजते.”

शामला पायात चप्पल सरकवत बाहेर आली.

“शामला, माझं चुकलं,” गार्गीताई घाईने म्हणाल्या. “मी त्यांना काहीच विचारलं नाही.”

“मले मालूम आहे,” शामला म्हणाली. “काकूचं काही नाही वाटलं मले. तू चूप बसली, त्याचं वाटलं.” मग तिने पिशवी खांद्याला लावली. “गाडी आणली का? ऑफिस बंद होईन.”

शामलाच निवडून आली असे धरून चाललेला झोन कार्यालयातला बाबू तिला पाहून उठूनच उभा राहिला. “या नगरसेविकाबाई! अभिनंदन! पेढे कुठं आहेत?”

गार्गीताईंनी मान खाली घातली.

“पेढे रुपरावभाऊकडं भेटतीन,” शामला म्हणाली आणि पिशवीतून गढूळ पाण्याची बाटली काढून तिने टेबलावर ठेवली. “माझ्याकडं हे आहे.”