उसवलेल्या विजारीची हकीकत

कात्रीबहाद्दर, टेपधारी, राजमान्य राजश्री शिंपी मास्तर यांच्या देहप्रांतात जो बखेडा माजला आणि तो ज्या शर्थीने मोडला, ती हकीकत जैशी घडली तैशी लिहिली असे.

मास्तर वय वर्षे बावन्न, चौकातील दुकानाचे धनी, भल्याभल्यांची पोटे कापडात झाकण्यात वाकबगार. थंडीत घसा धरला, दोन रोज ताप आला, आणि उतरला म्हणोन मास्तर गाफील राहिले. मग विजार कंबरेत दाटू लागली. दुसरा कोणी असता तर घाबरता. मास्तरांनी शिवण उसवली आणि बोटभर सैल केली. मग पुन्हा दाटली, पुन्हा उसवली; ऐसे तीनदा जाहले. पायांस सूज आली, तिचा ठपका मशिनच्या पायडलावर ठेविला, आणि लघवीस फेस येऊ लागला ती गोष्ट तर दफ्तरी दाखलच केली नाही. येणेप्रमाणे स्वहस्ते बंदोबस्त करून मास्तरांनी शत्रूस उत्तम आसरा दिला.

परंतु घरच्या बाईसाहेबांची नजर तिखट. काजे-बटणे करता करता त्यांनी विजारीच्या कंबरेशी उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा पाहिल्या. मग हुकूम सुटला: "अहो, भूक मेलीय तुमची, दंड काडीसारखे झालेत, आणि कंबर वाढतेय? उठा. दवाखान्यात जायचंय." मास्तरांनी गिऱ्हाइकांस दिलेल्या वायद्यांची सबब सांगितली; ती नामंजूर जाहली.

मग डॉक्टरीणबाईंच्या दरबारी रुजू होऊन लघवी तपासली, रक्त तपासले, आणि पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कण काढविला. निकाल आला की शरीर राखावयास ठेविलेली जी खाशी फौज, तिनेच धन्याच्या मूत्रपिंडांवर चाल केली, आतली गाळणी सुजली, प्रथिने लघवीवाटे वाहून चालली आणि अंगात पाणी साचले. असेच चालते तर दोन्ही ठाणी कायमची बुडती. मास्तर हादरले. फितूर कोण, त्याचे नाव सांगा, ऐसा हट्ट धरिला. डॉक्टरीणबाईंनी कळविले की कोणाची फौज घशाच्या दुखण्यानंतर बिथरते, कोणाची सांधे-कातडी धरणाऱ्या रोगात, कोणाची काविळीच्या विषाणूने, कोणाची एखाद्या औषधाने, "तुमच्या बाबतीत कारण सापडत नाही, मास्तर. घशावर संशय आहे, पुरावा नाही." शत्रूस नावच नाही, तेव्हा शिव्या घालाव्या कोणास, ऐसा मास्तरांस पेच पडला.

मग गोळ्यांची कुमक आली, आणि मीठ हद्दपार झाले, आणि त्या गोळ्यांनी चेहरा फुगला, आणि चिडचिडीने घर हैराण झाले, आणि आठ महिने झुंज चालली. अखेर गळती आटोक्यात आली. फौज माघारी वळली. परंतु तिजवर जन्मभर पहारा, तपासणी चुकवू नये, ऐसा तह ठरला.

त्या दिवशी मास्तर विजार घट्ट करावयास बसले, तो बाईसाहेबांनी हातातून कात्री काढून घेतली. "ही मी करते. आणि यापुढे सैल करायची झाली, तर आधी मला विचारायचं." तीस वर्षांत आपल्या टाक्यास कोणास बोट लावू न देणारे मास्तर हात वर करून उभे राहिले. बाईसाहेबांनी टेप लाविला, माप पाहिले, खरे वाटेना म्हणोन पुन्हा लाविला, आणि मग पदराने डोळे पुसले.

विजय नोंदविला असे. कंबर चौतीस, पूर्ववत. जुन्या टाक्यांची भोके कापडावर कायम. कात्री बाईसाहेबांचे ताब्यात.