मोमीनसाहेबांची रेंज

रोज दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी मोमीनसाहेब कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीवर चढत. पन्नाशी उलटलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचे हेडक्लार्क. वर पोचले की उजवा हात उंच करून उभे राहत. त्या हातात पाकिटाएवढी डिजिटल डायरी असे आणि डायरीच्या पाठीवर बसवलेला बिनतारी मोडेम. मार्केट यार्डात नवख्या माणसाला वाटे, लिलाव पुकारतायत. एकदा एका शेतकऱ्याने खाली थांबून त्यांना खरंच भाव विचारला होता.

"पत्र्याखाली रेंज येत नाही," एवढंच साहेब सांगत.

मोबाइल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. डायरी त्यांच्या मेहुण्याने दुबईहून आणलेली, मोडेम साहेबांनी मागाहून मागवलेला. मोडेम चढवला, त्याची बोटभर अँटेना उभी केली, की डायरीवर ईमेल यायची. म्हणजे कधी कधी यायची. त्या मोडेमचा ईमेलचा पत्ता त्या यंत्रापुरताच, त्यामुळे सायबर कॅफेत जाऊन ती उघडायचीही सोय नव्हती.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होते. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "खात्री केलेली बरी." कपाटाला कुलूप लावलं की ते स्वतः दोनदा ओढून बघत आणि तिसऱ्यांदा मला ओढायला लावत. डायरी आल्यापासून या काळजीला नवं कुरण मिळालं. सेल संपले तर आतलं सगळं पुसलं जातं, आणि सेल बदलायला जेमतेम एक मिनिट मिळतं, असं त्यांनी माहितीपत्रकात वाचलं होतं. मग सरावच सुरू झाला. "बाई, घड्याळ लावा," म्हणत आणि मी सेकंद मोजत असे. अकरा सेकंदांवर आले होते. सेल महिनाभर टिकतात असं कंपनीनेच म्हटलंय, हे मी दाखवून दिलं, तर म्हणाले, "म्हणायला कंपनीचं काय जातंय."

डायरीवर काडीने लिहायचं असे, आणि अक्षरं तिच्या पद्धतीची काढावी लागत. इंग्रजी 'ए'ला आडवी रेघ द्यायची नाही, 'टी'ला एकच बाजू. साहेबांनी ती इतकी घोटली की ट्रकसोबत जाणाऱ्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्यासुद्धा तशाच लिहू लागले. साताऱ्याला निघालेला एक ड्रायव्हर बिल्टी घेऊन परत आला.

"सायेब, ह्ये गाव कुठं हाय?"

"मशीनला कळतं," साहेब मान वर न करता म्हणाले.

ऑफिसचा फोन असताना हा खटाटोप कशाला, असं सगळेच विचारत. मालकांनीही विचारलं होतं. साहेब नुसतं हं म्हणत आणि थप्पीवर चढत. या वयात खेळण्याची हौस आली, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्या पाठीमागे हसणाऱ्यांत मीही होते.

एके दिवशी सव्वापाच वाजले तरी साहेब उतरले नाहीत. थप्पी ट्रकमध्ये भरायची होती, तेव्हा गेनबा हमाल मला बोलवायला आला. जाऊन बघते तर एका बाजूने गोण्या निघतायत आणि दुसऱ्या टोकाला साहेब हात वर करून उभे. उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"काल आली नाही. आजही नाही. सेल दोनदा बदलले."

कोणाची, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं. मुलगी, नाझनीन. दोन महिन्यांपूर्वी नागपूरला ड्राफ्टिंग शिकायला गेली होती. संस्थेतला कॉम्प्युटर तिला साडेचारला मिळे.

"मग होस्टेलवर फोन लावा ना, साहेब."

"बाई, तिला ऐकू येत नाही. जन्मापासून."

मग मी म्हटलं, वॉर्डनला विचारा. तर तेही त्यांचं पूर्वी करून झालं होतं, एका आठवड्यात चार वेळा. होस्टेलच्या मुली तिला हसल्या होत्या. तिने लिहिलं होतं, अब्बा, पुन्हा फोन केलात तर मी लिहिणार नाही. साहेबांनी तसा शब्द दिला होता.

तरी मी त्यांना कोपऱ्यावरच्या बूथवर नेलं. नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी सगळे आकडे फिरवले, रिंग वाजायच्या आत हाताने फोन कट केला आणि बाहेर आले. "कात्रजला डेअरीपाशी नवा टॉवर झालाय," म्हणाले. "सोडाल का?"

सातारा रस्त्याच्या त्या गर्दीत साहेब माझ्या स्कूटीवर मागे बसले होते, एका हाताने सीट धरून आणि दुसरा आकाशात. सिग्नलला पोलिसाने आमच्याकडे पाहिलं आणि पाहणं सोडून दिलं. धनकवडीपर्यंत मी दर मिनिटाला विचारत होते, आलं का. मग विचारायची हिंमत होईना.

डेअरीच्या फाटकासमोर थांबलो. बऱ्याच वेळाने डायरी टिक् करून वाजली. मग पुन्हा एकदा. कालची आणि आजची, दोन्ही एकदमच आल्या. साहेब वाचता वाचता फुटपाथच्या कडेला बसले आणि डायरी माझ्यासमोर धरली. दोन मैत्रिणींबरोबर ती आज तलावावर जाणार होती. बाकी सगळं ठीक.

ते काडीने लिहायला लागले. तलाव किती खोल आहे, कठडा आहे का, अंधाराच्या आत परत येणार का, जेवलीस का. पडदा भरला. मग क्षणभर थांबून त्यांनी सगळं पुसलं आणि लिहिलं, "छान. मजा कर."

समोरच्या टपरीवर गेलो. दोन चहा सांगताना साहेबांनी नुसतीच हाताची काहीतरी खूण केली. चहावाला बघतच राहिला. ते ओशाळले आणि हात खिशात घातले. तिची आई गेल्यापासून कसब्यातल्या घरात ते दोघंच होते, म्हणाले. बोलणं सगळं हातांनी. आता संध्याकाळी रेडिओ चालू ठेवतो.

मी विचारलं, चहाला काय करायचं? त्यांनी करून दाखवलं. माझं चुकलं. त्यांनी माझी बोटं नीट वळवून दिली. मग दूध, साखर, पाऊस, बस. मला अर्धंअधिक कळत नव्हतं, पण त्यांचे हात थांबेनात, आणि दोघांचेही चहा निवून गेले.